आनंदीबाई आणि न सापडलेला कागद

सावंतवाडीच्या राजवाड्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात एका मुलाचा अंथरुणात गळा आवळून खून झाला. तो मुलगा म्हणजे संस्थानचा गादीवरचा धनी होता. खेमसावंत १८०३ मध्ये पुत्रसंतान नसता मरण पावला, गादीचा वाद दोन वर्षे लोंबकळत राहिला, आणि १८०५ मध्ये विधवा राणी लक्ष्मीबाई हिने रामचंद्र सावंत ऊर्फ भाऊसाहेब या मुलास दत्तक घेतले. पुढच्या तीन वर्षांत तो मारला गेला आणि त्याच्या जागी फोंड सावंत हा दुसरा अल्पवयीन मुलगा आला. बांदे तेव्हा याच संस्थानात होते. तेरेखोलच्या काठच्या या पेठेतून निघालेला माणूस अर्ध्या दिवसात पायी वाडीस पोचत असे, तेव्हा ही बातमी बांद्याच्या बाजारात फार तर दुसऱ्या दिवशी आली असेल. तरीही आज बांद्याच्या शाळेत त्या मुलाचे नाव विचारले, तर शिक्षकांनाही क्षणभर थांबावे लागेल.

याच्या पस्तीस वर्षे आधी पुण्यात झालेल्या खुनाची गोष्ट मात्र बांद्यातल्या पाचवीच्या मुलालाही ठाऊक असते. कचेरीत कुणी टिपणीतला एखादा शब्द फिरवला, की शेजारच्या टेबलावरचा कारकून सहज म्हणून जातो, की याने ‘ध’ चा ‘मा’ केला. त्या तीन अक्षरांच्या मागे एक बाई उभी आहे. वाडीच्या खुनाला कोणी गुन्हेगार मिळाला नाही आणि तो खून विस्मृतीत गेला. पुण्याच्या खुनाला एक गुन्हेगार मिळाली आणि भाषेने तिला कायमची शिक्षा ठोठावली. त्या शिक्षेमागे पुरावा कितीसा होता, हे पाहण्याचे कष्ट मात्र वाक्प्रचार वापरणारे सहसा घेत नाहीत.

आनंदीबाई मूळची कोकणातलीच, गुहागरकडच्या ओकांची कन्या. १७५६ च्या सुमारास रघुनाथराव पेशव्याशी तिचा विवाह झाला. थोरल्या बाजीरावाच्या या धाकट्या मुलाची ती दुसरी बायको. राघोबा तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि त्याच्या आयुष्यातले सर्वांत उजळ पर्व अजून यावयाचे होते. १७५८ मध्ये त्याच्या फौजा लाहोरपर्यंत पोचल्या. पुढे पानिपत झाले, १७६१ मध्ये नानासाहेब गेला, आणि पेशवाईची वस्त्रे सोळा वर्षांच्या माधवरावाकडे आली. ज्याने उत्तरेत झेंडे नाचविले त्याने पुतण्याच्या मसलतीत दुय्यम होऊन बसावे, ही स्थिती राघोबाला कधीच मानवली नाही. चुलता-पुतण्यांच्या या वादाचा शेवट १७६८ मध्ये धोडपच्या पायथ्याशी झाला. राघोबा पराभूत होऊन पकडला गेला आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत येऊन पडला. आनंदीबाईचा संसार त्याच्याबरोबर त्या कैदेत आला.

या बाईच्या आयुष्याचा हिशेब मांडताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. १७६८ पासून तिच्या मृत्यूपर्यंत जी सव्वीस वर्षे गेली, त्यांतील थोडा काळ वगळता ती कोणाच्या ना कोणाच्या पहाऱ्यात होती. नाटकांतून दिसणारी, महालात मोकळेपणाने वावरणारी आणि दूतांना इशारे देणारी कारस्थानी राणी या हकिकतीत बसत नाही. लिहितावाचता येणारी, बोलण्यात चोख आणि नवऱ्याच्या हक्कासाठी हट्टाने भांडणारी अशी तिची ख्याती होती. त्या काळी बाईला अक्षर येणे ही जरा जपूनच बोलावयाची गोष्ट होती. पुढे हेच अक्षरज्ञान तिच्याविरुद्धच्या पुराव्यात जमा झाले.

माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे क्षयाने वारला. मरण्यापूर्वी त्याने धाकट्या नारायणरावाचा हात चुलत्याच्या हाती दिला होता, परंतु तो सलोखा काही महिनेही टिकला नाही. सतरा-अठरा वर्षांचा नारायणराव उतावळा होता आणि राघोबा चाळिशीच्या उंबरठ्यावर आला तरी सबुरी शिकला नव्हता. १७७३ च्या उन्हाळ्यात राघोबावर पुन्हा पहारे बसले.

सोमवार, ३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाचे अखेरचे दिवस. दुपारी सुमेरसिंग, महंमद इसफ, खरगसिंग आदी गारद्यांनी थकलेल्या पगाराचा बोभाटा करीत वाड्यात मुसंडी मारली. नारायणराव धावत चुलत्याच्या खोलीकडे गेला आणि त्याच्या कमरेस मिठी मारून बसला. राघोबाचा खिजमतगार तुळाजी पवार याने त्याला ओढून बाजूला केले आणि गारद्यांनी त्याचे तुकडे केले. त्याच्या अंगावर आडवा पडलेला चाफाजी टिळेकर हा सेवकही तेथेच कापला गेला. वाड्यातली आणखी काही माणसे आणि एक गायही मारली गेली. रात्री प्रेत गुपचूप बाहेर काढून मुठेच्या काठी दहन करण्यात आले. ज्या दारातून ते नेले त्याला लोक पुढे नारायण दरवाजा म्हणू लागले.

हा कट काही एका रात्रीत शिजलेला नव्हता. त्याच दिवशी सकाळी नारायणरावाला धोक्याची कुणकुण लागली होती आणि हरिपंत फडक्याला बंदोबस्त करण्यास त्याने सांगितले होते. हरिपंताने ती गोष्ट दुपारच्या जेवणानंतरवर ढकलली. ज्या कटाची वार्ता सकाळी खुद्द पेशव्याच्या कानी येते, त्यात बरीच माणसे गुंतलेली असणार हे उघड आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली तेव्हा तसेच निघाले. गारदी, ब्राह्मण, प्रभू, मराठे असे मिळून एकूणपन्नास असामी या कटाशी संबंधित ठरले. मुख्य दोष त्यांनी राघोबाच्या माथी ठेवला, देहांत प्रायश्चित्तावाचून शुद्धी नाही असे त्याच्या तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले. हा निर्णय राघोबाविरुद्ध होता. न्यायाधीशाने प्रायश्चित्त नवऱ्यास सांगितले होते, बायकोस नव्हे, हे शाळेत रामशास्त्र्यांचा बाणेदारपणा शिकविताना सांगावयाचे सहसा राहून जाते.

मग आनंदीबाई खटल्यात आली कोठून? कथा सर्वांना पाठ आहे. राघोबाने गारद्यांना नारायणरावास धरण्याचा लेखी हुकूम दिला, वाटेत तो आनंदीबाईच्या हाती पडला आणि तिने ‘धरावे’चे ‘मारावे’ केले. ही हकिकत छापील इतिहासात रूढ केली ती ग्रँट डफ याने, १८२६ मध्ये. खुनाला तेव्हा त्रेपन्न वर्षे झाली होती, आनंदीबाईला जाऊन बत्तीस वर्षे लोटली होती आणि पेशवाई बुडून आठ वर्षे झाली होती. रामशास्त्र्यांना तो मूळ कागद मिळाला आणि त्यातला शब्द फिरविलेला आढळला, असे डफ लिहितो. फेरफार आनंदीबाईचा, हे मात्र तो सार्वत्रिक समजुतीच्या आधारावर सांगतो. पुढे पेशवे दप्तराचे लक्षावधी कागद अभ्यासकांनी चाळले, निवडले, छापले. त्यांत हा कागद निघाला नाही.

कागद नाही म्हणजे घटना नाही, असा युक्तिवाद करण्याचे कारण नाही. कटाचे कागद जाळण्यासाठीच असतात. तेव्हा कागद होता असे घटकाभर धरून चालू आणि त्या दुपारपूर्वी आनंदीबाईला काय काय करता आले असते ते पाहू.

प्रथम लिपी. हा हुकूम मोडीत लिहिला गेला असणार. मोडीत ओळ आधी आखली जाते, अक्षरे तिला लटकवीत बोरू शक्यतो न उचलता पुढे जातो, दोन शब्दांमध्ये जागा सुटत नाही. ‘धरावे’चे ‘मारावे’ करावयाचे तर ‘ध’ फिरवून भागत नाही, ‘र’च्या अलीकडे एक काना घुसवावा लागतो. सलग, एकाला एक लागून चाललेल्या ओळीत कान्यासाठी जागा कोठून आणावयाची? ज्यांनी महसूल खात्यात जुनी मोडी दफ्तरे हाताळली आहेत त्यांना हे वेगळे सांगावयास नको. खाडाखोड करता येते, पण ती खाडाखोड म्हणूनच दिसते. आणि सरकारी लिखाणात खाडाखोड दिसली की ती वाचणाऱ्याने पहिला संशय कशाचा घ्यावा, हे पेशवाईतल्या कारकुनाला आजच्या कारकुनाइतकेच कळत होते.

दुसरे, हुकूम वाचणारे कोण होते? सुमेरसिंग आणि त्याचे सोबती हे उत्तरेकडून आलेले भाडोत्री सैनिक. पेशव्याच्या जिवावर उठलेली अशी माणसे मोडी चिठ्ठीतल्या एका क्रियापदावर अवलंबून राहिली असतील, हे पटण्यास कठीण आहे. अशा कामात बोलणे तोंडी होते, मोबदला तोंडी ठरतो, आणि मधला माणूस विश्वासू लागतो. तो माणूस तुळाजी पवार हा तेथे होताच. नारायणरावाला चुलत्याच्या अंगावरून ओढणारा हात राघोबाच्या स्वतःच्या सेवकाचा होता. त्या हाताला काय करावयाचे ते कोणी सांगितले, हा या खटल्यातला खरा प्रश्न आहे. अक्षराच्या गोष्टीत गुंतल्यामुळे तो विचारलाच जात नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत वजनदार वाटते. समजा, राघोबाने खरोखर धरण्यापुरताच हुकूम दिला होता आणि कोणी तो बदलून त्याच्या पुतण्याचा जीव घेतला. अशा वेळी माणूस प्रथम काय करील? शब्द कोणी फिरविला ते शोधील, मारेकऱ्यांना बेड्या ठोकील, निदान ओरडून तरी सांगेल. राघोबाने यांपैकी काही केले नाही. गारद्यांच्या मागण्यांपुढे तो वाकला, आणि ऑक्टोबरमध्ये पेशवाईची वस्त्रे त्याच्या अंगावर आली. फसविल्या गेलेल्या माणसाची ही चाल नव्हे. शिवाय तरण्याबांड पेशव्याला त्याच्याच वाड्यात हत्यारबंद टोळीकडून धरून आणण्याचा बेत करणाऱ्याला, धरणे आणि मारणे यांत त्या गर्दीत किती अंतर उरते, हे ठाऊक नव्हते असे कसे मानावे? लाहोरपर्यंत फौजा नेणारा सेनापती एवढा भोळा नसतो.

हेतूचे काय? रंगभूमीवरची आनंदीबाई आपल्या मुलाला गादी मिळावी म्हणून झुरताना दिसते. वास्तविक ऑगस्ट १७७३ मध्ये तिच्या पोटचा मुलगा हयात नव्हता. म्हणूनच तर १७६८ मध्ये अमृतराव दत्तक घेतला गेला होता. बाजीराव जन्मला तो १० जानेवारी १७७५ रोजी, खुनानंतर सोळा महिन्यांनी. न जन्मलेल्या मुलासाठी केलेला खून ही नाटककाराची सोय झाली. नवऱ्याच्या हक्काचा ध्यास हा हेतू मात्र खरा, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पाच वर्षे ज्या खोल्यांत ती राघोबाबरोबर कोंडली गेली होती, तेथे शिजणारा बेत तिला अजिबात ठाऊक नव्हता असे म्हणणे म्हणजे तिच्या बुद्धीचा अपमान होय. पकडण्याचा कट तिला माहीत असावा, तो तिला पसंतही असावा. याच्या पुढे जाऊन तिने रक्तपात सुचविला असेही असू शकेल. तशी शक्यता मात्र वाड्यातल्या आणि वाड्याबाहेरच्या अनेकांबाबत आहे. सखारामबापू बोकिलासारखा मुरब्बी कारभारीही संशयातून सुटला नव्हता. त्या सर्वांना सोडून नेमकी एकटी बाई का निवडली गेली?

याचे एक उत्तर पोथीत आहे. जैमिनी अश्वमेधातले चंद्रहासाचे आख्यान चातुर्मासात गावोगाव वाचले जात असे. त्यात दुष्ट प्रधान आपल्या मुलाला पत्र पाठवितो, की पत्र आणणाऱ्यास विष दे. प्रधानाची कन्या विषया ते पत्र वाटेत वाचते आणि काजळाने एक अक्षर वाढवून ‘विष’चे ‘विषया’ करते. चंद्रहास मरण्याऐवजी नवरदेव होतो. लिहितावाचता येणारी बाई, वाटेत सापडलेले पत्र, एका अक्षराने उलटलेले दैव, हा सारा साचा पुण्यातल्या श्रोत्यांच्या मनात तयार होता. विषयेने अक्षर वाढवून मारण्याचे तारणे केले, आनंदीबाईने धरण्याचे मारणे केले. अफवेला आपले रूप सहसा शोधावे लागत नाही, ते तिला आधीच शिवून ठेवलेले मिळते.

हे केवळ आपल्याकडेच घडले असेही नाही. इंग्लंडचा पदच्युत राजा दुसरा एडवर्ड १३२७ मध्ये बर्कलीच्या किल्ल्यात मारला गेला. बिशप ऑर्ल्टन याने पहारेकऱ्यांना लॅटिनमध्ये असे एक वाक्य लिहून पाठविले, की विराम इकडे दिला तर मारू नका आणि तिकडे दिला तर मारण्यास भिऊ नका, अशी कथा पुढे जॉफ्री ल बेकर या बखरकाराने सांगितली. मार्लोने ती नाटकात घातली आणि ती अजरामर झाली. परंतु राजा मारला गेला तेव्हा हा बिशप इंग्लंडात नव्हताच, तो पोपच्या दरबारी आव्हिन्योला होता. तसेच वाक्य त्याच्याही शंभर वर्षे आधी हंगेरीच्या एका राणीच्या खुनाशी जोडले गेले होते. खून बदलतो, देश बदलतो, पत्र मात्र तेच राहते.

दुसरे उत्तर सोयीचे आहे. मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी सुरतेच्या तहाने राघोबाचा पक्ष घेतला. ज्याला गादीवर बसवावयाचे त्याने फक्त धरा म्हटले होते, ही हकिकत त्या पक्षाला गैरसोयीची खास नव्हती. पुढे १७९६ मध्ये राघोबाचाच मुलगा पेशवा झाला, तेव्हा पुण्यातही थोरल्या धन्याचा दोष सौम्य करून सांगणे शहाणपणाचे ठरले असणार. दोष कोठेतरी ठेवावयाचा तर तो मेलेल्या बाईवर ठेवावा. तिच्यामागे फौज नव्हती.

तिच्या पुढच्या आयुष्याला कारस्थानाची चमक नाही. बारभाईंनी जानेवारी १७७४ मध्ये नारायणरावाची गर्भवती विधवा गंगाबाई हिला पुरंदरावर नेले. एप्रिलमध्ये सवाई माधवराव जन्मला आणि राघोबाचा हक्कच संपला. तो उत्तरेकडे पळाला. आनंदीबाईला दिवस गेले होते. तिला धारच्या किल्ल्यात ठेवून तो गुजरातेत उतरला आणि इंग्रजांच्या आश्रयास गेला. तेथे, परक्या किल्ल्यात, तिला बाजीराव झाला. नवऱ्यासाठी इंग्रज लढत होते, वडगाव झाले, शेवटी १७८२ मध्ये सालबाईचा तह होऊन इंग्रजांनी राघोबाचा हात सोडला. डिसेंबर १७८३ मध्ये तो कोपरगाव येथे वारला. तेव्हाही ती गर्भवती होती. दुसरा मुलगा चिमाजी १७८४ मध्ये बापाच्या मृत्यूनंतर जन्मास आला.

त्यानंतरची दहा वर्षे नाना फडणिसाच्या पहाऱ्यात गेली. या काळात मुख्य मारेकऱ्यांचाही निकाल लागला होता. महंमद इसफ १७७५ मध्ये मारला गेला. खरगसिंग आणि तुळाजी पवार हैदरअलीच्या आश्रयास गेले होते, त्यांना हैदराने १७८० मध्ये पुण्याच्या स्वाधीन केले आणि त्यांनाही देहदंड झाला. चुलत्याच्या अंगावरून पेशव्याला ओढणारा माणूस पकडला गेला, त्याची जबानी घेतली गेली, तो मेला. तरी लोकांच्या ध्यानात राहिली ती आनंदीबाईच. अखेरच्या काळात तिला मुलांसह नाशिकजवळ आनंदवल्लीस हलविण्यात आले. १७९४ मध्ये ती गेली. पुढच्याच वर्षी सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या खिडकीतून पडून मरण पावला आणि डिसेंबर १७९६ मध्ये तिचा बाजीराव पेशवा झाला. ज्यासाठी तिने खून करविला असे म्हणतात ते पाहावयास ती दोन वर्षे कमी जगली.

खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने १९०९ मध्ये आणि प्रभातच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटाने १९४४ मध्ये तिला जे रूप दिले, ते कलाकृती म्हणून मोलाचे आहे. नाटक हे न्यायालय नव्हे, तेव्हा खाडिलकरांकडे पुरावा मागण्यात हशील नाही. तक्रार असेलच तर ती शाळेतल्या इतिहासाच्या तासाविषयी करावी लागेल. तेथे ही कथा अजूनही घडलेली गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि तोच शिक्षक पुढच्या तासाला मुलांना पुराव्याचे महत्त्व समजावून देतो. बांद्याच्या मुलांना याच विषयावर वाडीच्या भाऊसाहेबांचा खून शिकविता येईल. तो मुलगा मेल्याने कोणाला काय मिळाले, राजवाड्यात रात्री कोण होते, कोणत्या कागदावर काय लिहिले आहे, हे त्यांना अद्याप कोणा वाक्प्रचाराने सांगून ठेवलेले नाही.

आनंदवल्ली आता नाशिक शहरातच मोडते. गावाचे मूळ नाव चौंधस. राघोबाने ते बदलून बायकोचे नाव दिले. गोदावरीच्या काठी तेथे नवश्या गणपतीचे देऊळ आहे, आणि परंपरा ते राघोबा-आनंदीबाईच्या पुत्रप्राप्तीच्या नवसाशी जोडते. मूल व्हावे म्हणून आजही जोडपी तेथे नवस बोलावयास येतात.